हरकतींचा हंगाम

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात, म्हणजे कोणत्या जागेवर काय उभे राहील हे ठरवणाऱ्या नकाशात, किरकोळ फेरबदल करायचा तरी राजपत्रात सूचना काढून महिनाभरात हरकती मागवाव्या लागतात. दिंडोरीसारख्या नगरपंचायतीच्या गावात जुन्या व्यापारी संकुलाच्या जागेविषयी असे लोकमत अजमावायचे झाल्यास ऑक्टोबर छाटणीचा महिना फारच सोयीचा, कारण तेव्हा अर्धा तालुका कात्री घेऊन द्राक्षबागेत असतो. राजपत्र चहाच्या टपरीवर येत नाही, हा दोष अर्थातच टपरीचा. ज्याला गाळ्याच्या गळक्या स्लॅबविषयी बोलायचे आहे, त्याने मुदतीत लेखी बोलावे. तोंडी सांगितलेली गोष्ट नुसती माहिती ठरते, आणि ती कार्यालयाला पूर्वीपासूनच असते.