तिथी बघा, मग गाडी काढा

उसाचं बिल जमा झालं की आमच्या भागातल्या गाड्या कोकणाकडे तोंड करतात. निरवांगी, निमसाखर, लासुर्णे, कुठलीही वाडी घ्या. बारामती, पुणे, ताम्हिणी उतरून कोलाड, रोहा आणि रेवदंडा. मग चौल, नागाव, अलिबाग, नाहीतर खाली काशीद, मुरूड. जावंच. वर्षभर चिखलात राबलेल्या माणसानं घरच्यांना समुद्र दाखवायलाच हवा. माझं भांडण जाण्याशी नाही, न विचारता पाण्यात शिरण्याशी आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी पाण्याच्या बाबतीत किती चोख! आवर्तन कधी सुटलं, फाट्यावर कधी पोचणार, आपल्या चारीची पाळी किती वाजता, झोपेतून उठवून विचारा, सांगेल. पाटकऱ्याला फोन करकरून बेजार करेल. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाईल. तोच माणूस काशीदला उतरला की थेट लाटेत! भरती चालू आहे की ओहोटी, हे किनाऱ्यावरच्या टपरीवाल्यालासुद्धा विचारत नाही.

समुद्राचीही पाळी असते, आणि ती कालव्यासारखी चुकत नाही. दिवसभरात साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या. रोज पाऊण तासानं पुढे. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणानं गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब हटतं. तिथी तर प्रत्येक घरातल्या भिंतीवर टांगलेली आहे. उपासाला बघतो, लग्नाला बघतो, ट्रिपलाच तेवढी बघत नाही.

अलिबागचा कुलाबा किल्ला बघा. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या बांधकामाला हात घातला, पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार तिथे नांदलं. ओहोटीला माणसं चालत जातात, घोडागाडीही जाते. भरतीला चहूबाजूंनी पाणी. आत फोटो काढत बसलं, की परतीची वाट पाण्याखाली. शेजारचं चौल तर दोन हजार वर्षांचं बंदर. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन इथेच उतरला. कुंडलिकेच्या खाडीत गलबतं आणणारे तांडेल भरती साधूनच आत शिरायचे. जन्म समुद्रावर गेलेली माणसं वेळ बघत होती. आपण मात्र ओल्या वाळूत चारचाकी उतरवतो आणि चाकं रुतली की ट्रॅक्टर शोधत पळतो, तोवर पाणी दारापर्यंत आलेलं असतं.

‘आम्हाला पोहता येतं’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त घाबरवतं. विहिरीत शिकलेलं पोहणं विहिरीपुरतं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, तिथे काठाला हात लागत नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. आणि घरचं पाणी तरी कुठे माफ करतं? 21 मे 2024 ला उजनी धरणात कुगावहून आमच्याच भागातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यानं उलटली, 6 जण गेले.

म्हणून शाळांना, कॉलेजांना आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना माझी सरळ मागणी आहे. सहलीच्या पत्रकावर नाश्त्याची वेळ छापता, जेवणाची छापता, तशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळही छापा. पालकांनो, ती नसेल तर सहीच करू नका. वेळ पाण्यात उतरण्याची नसेल, तर पोरांना त्या दिवशी चौलची देवळं दाखवा, रेवदंड्याचा कोट दाखवा. पाण्यात उतरायचं की नाही, ते तिथल्या कोळ्याला आणि जीवरक्षकाला ठरवू द्या. ते नको म्हणाले तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका.