ढकलगाडीचा सुवर्णमहोत्सव

आमच्या हैदराबादेतील काचीगुड्यात मनुष्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तर घरची माणसे त्याला साखर कमी खावयास सांगतात. मोटारीला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तर निमंत्रणपत्रिका छापतात. अशी एक पत्रिका परवा आमच्या हाती पडली. वर गणपती, खाली केशरी मजकूर, ‘आमची फियाट (प्रीमियर पद्मिनी, जन्म 1975) हिच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त श्रीसत्यनारायणाची पूजा योजिली आहे’, इत्यादी सर्व रीतसर. आणि अगदी तळाशी, जेथे सज्जन लोक ‘आहेर आणू नये’ असे लिहितात तेथे, बारीक टायपात एक ओळ: ‘सशक्त मंडळींनी अर्धा तास अगोदर यावे.’

सारी पत्रिका आम्ही क्षमेस पात्र ठरविली असती. परंतु या एका ओळीने आमचे चित्त अस्वस्थ केले. सशक्त कोणास म्हणावे, याचा निवाडा निमंत्रकाने करावयाचा की निमंत्रिताने? जो अर्धा तास अगोदर येणार नाही, त्याने आपल्या अशक्तपणाचा दाखला सोबत आणावयाचा काय? आमच्या सौभाग्यवतींनी तो मजकूर वाचून ‘हे काही तुम्हाला उद्देशून नसावे’ असा निर्वाळा दिला, त्यात दिलासा किती आणि अपमान किती याची वाटणी आम्हाला अद्याप करता आलेली नाही.

पत्रिका धाडणारे गृहस्थ ज्या वर्गात मोडतात तो वाचकांच्या परिचयाचा असल्याने त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आपण त्यांना वाहनाधिपती म्हणू. या वर्गाचे मुख्य लक्षण असे की, कोणी काहीही विचारलेले नसता हे लोक ‘सगळे विकेन, पण ही विकायची नाही’ असे सांगतात. नकार देण्यासाठी आधी कोणी मागणी घालावी लागते, हा व्यवहारातील साधा नियम त्यांना लागू नाही. वाहनाधिपतींच्या गाडीला आजवर मागणी आली ती एका भंगारवाल्याची, आणि तीही किलोच्या भावाने. तो प्रसंग ते अजूनही अशा कंपित स्वराने सांगतात की, ऐकणाऱ्यास घरातील कन्येविषयी कोणी अभद्र बोलले असावे असे वाटते. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत या जातीची शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा त्यांनी त्या दिवशी दाढी केली नाही. तिकडच्या पद्मिनीने वीस वर्षे पोट भरले आणि ती गेली. इकडच्या पद्मिनीने पन्नास वर्षे पेट्रोल प्याले आणि ती आहे.

आता या प्रकरणात कायदाही सामील झाला आहे. 2021 च्या जुलैत मोटारवाहनांच्या केंद्रीय नियमांत जी भर पडली तिच्या अन्वये, पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली खाजगी गाडी 20,000 रुपये भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. दाखला दहा वर्षे चालतो, पाटीवर राज्याच्या अक्षरांमागून ‘व्हीए’ ही अक्षरे झळकतात, आणि अट एवढीच की, ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांपुरतेच तिने बाहेर पडावे. सरकारने घातलेली आणि प्रजाजनाने हुकूम निघण्यापूर्वी कित्येक वर्षे तंतोतंत पाळलेली अशी ही बहुधा पहिलीच अट असावी. कारण दुरुस्तीखेरीज अन्य कारणाने ती गाडी कोठे गेल्याचे गल्लीतील वृद्धांनाही स्मरत नाही. तिची प्रथम नोंद झाली तेव्हा येथे आंध्र प्रदेशाची अक्षरे होती. 2014 च्या जूनपासून नव्या पाट्यांवर ‘टीएस’ आले, 2024 च्या मार्चपासून ‘टीजी’ आले. हे तिन्ही कालखंड तिने पाहिले, असे वाहनाधिपती अभिमानाने सांगतात, आणि ते खरेही आहे, कारण निदान शेवटचे दोन तरी तिने एकाच जागी उभे राहून पाहिले. ‘मूळ स्वरूपात’ या शब्दांविषयी मात्र आम्ही मौन पाळतो. राणीगंजच्या दुकानांतून तिच्यासाठी आजवर इतके सुटे भाग आले आहेत की, मूळचे म्हणण्यासारखे तिच्यात आता केवळ वाहनाधिपती उरले आहेत.

उन्हाळ्यात तिची प्रकृती विशेष नाजूक होते. वैशाखात पारा चाळिशी ओलांडू लागला की, इंजिनाच्या धगीने पेट्रोलची वाटेतच वाफ होते, पंप रिकामाच धडधडतो आणि कार्बोरेटरपर्यंत थेंब पोहोचत नाही. याला सर्वजण ‘एअर लॉक’ म्हणतात. उपाय सर्वश्रुत आहे: बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे आणि वाट पाहावी. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तशा हलक्या हाताने वाहनाधिपती ते फडके ठेवतात, सुकले की पुन्हा भिजवितात, आणि मधून मधून बोटाच्या पेराने पंपाचा चटका अजमावतात. ते फडके धुवट पांढरे असते व त्यास काठ असतो; ते कोणाच्या नऊवारीतून फाडलेले आहे हे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. शेजारी उभे असलेले चादरघाटचे मेकॅनिक उस्ताद या काळात तंबाखू मळीत निदान सांगतात: ‘इंजन तो एकदम मस्त है साब, खाली इस्टार्ट नै होरा.’ यापेक्षा नेमके निदान आम्ही कोणत्याही शास्त्रात ऐकलेले नाही.

आणि येथे त्या सशक्त मंडळींचा विषय येतो. सेल्फ मारून झाला, चोक ओढून झाला, पॉइंट घासून झाले, तरी इंजिन निद्रिस्तच राहिले म्हणजे वाहनाधिपती काचेतून मान बाहेर काढून अत्यंत सौम्य स्वरात ‘काका, जरा हात लावता का?’ असे विचारतात. या ‘जरा’ची लांबी आमच्या फाटकापासून मुसीच्या दिशेने जमीन जेथे उतरू लागते तेथपर्यंत आहे. स्टिअरिंगवर ते स्वतः बसतात, कारण ‘तिला माझ्याच हाताची सवय आहे’. मागे लागतात ते आमच्यासारखे, ज्यांच्या हाताची सवय तिला व्हावी अशी कोणाचीच इच्छा नव्हती. धक्का देणाऱ्यांतही कालांतराने मानापमान उत्पन्न झाले आहेत. डिकीच्या मध्यावरील जागा वॉचमनची, कारण तो पगारी; डाव्या दिव्याजवळची जागा हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या एका निवृत्त बँक-अधिकाऱ्याची, कारण तेथे केवळ स्पर्श पुरतो; आणि उजव्या बाजूस, जेथे धूर काढणारी नळी ठीक गुडघ्याच्या रेषेत येते, तेथे आमची वर्णी लागते. अधिपती दांड्यावरील गिअर दुसऱ्यात टाकतात, क्लच दाबून धरतात, आणि गती आली रे आली की एकाएकी क्लच सोडतात. त्या क्षणी गाडी जागच्या जागी असा हिसका देते की, पुढे झेपावलेल्या चार प्रतिष्ठित नागरिकांच्या छात्या डिकीवर आदळतात. इंजिन पेटले नाही तर हा विधी पहिल्यापासून करावयाचा. पेटले, तर काळ्यानिळ्या धुराचा एक लोट आमच्या तोंडावर सोडून गाडी दृष्टीआड होते. थांबून आभार मानणे शक्य नसते, कारण थांबली तर ती पुन्हा बंद पडेल. अशा रीतीने ज्यांनी तिला चालविले त्या आमच्यापैकी एकासही तिच्यात बसण्याचा योग आलेला नाही. पत्रिकेतील ती ओळ निर्हेतुक नव्हे, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल: सुवर्णमहोत्सवी मिरवणूक आहे, आणि मिरवणुकीस इंजिन लागत नाही, गाव लागतो.

कोणी म्हणेल, जुन्या वस्तूवर जीव जडणे हा मनुष्यधर्म आहे, त्याची थट्टा कशाला? आम्हीही इतके दिवस असेच समजत होतो. चौमहल्ला राजवाड्यात 1912 सालची पिवळी रोल्स-रॉईस आहे, दरबारी थाटासाठी आत सिंहासनासारखे आसन असलेली. ती आपल्या मालकीच्या वाड्यात उभी असते आणि तिला पाहावयास जाणाऱ्यास कोणी मागून ढकलावयास सांगत नाही. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार या प्रेमाच्या हिशेबाविषयी आहे.

वाहनाधिपतींच्या आजोबांनी निजामी अमदानीत वकिली करून याच गल्लीत दगडी वाडा बांधला. चौक होता, आड होता, चौकात कडुनिंब होता, आणि माडीवर जुन्या शिसवी कपाटांतून ग्रंथसंग्रह होता. मोडीतील दफ्तरे होती, फारसी शिक्क्यांचे कागद होते, महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड होते. ‘सगळे विकेन’ हे वाहनाधिपतींचे वचन अतिशयोक्तीचे नव्हते, हे पुढे सर्वांनी पाहिले. वाडा डेव्हलपमेंटला गेला. करारनाम्यावर सही करताना त्यांचा हात कापला नाही, दाढीचा नेमही चुकला नाही. आड राडारोड्याने भरला. कडुनिंब दोन दिवसांत पाडला, कारण सेलरचा उतार नेमका त्याच्या मुळाशी येत होता. माडीवरची दफ्तरे न्यावयास रद्दीवाला तराजू घेऊन आला तेव्हा अधिपती खाली गाडीस पॉलिश करीत होते; ‘काय असेल ते घेऊन जा’ एवढेच त्यांनी वर न पाहता सांगितले. भंगारवाल्याने गाडीला किलोचा भाव लावला तो अपमान. रद्दीवाल्याने तीन पिढ्यांच्या अक्षरांस किलोचा भाव लावला तो व्यवहार. आणि आता इमारतीखालच्या सेलरमध्ये त्यांच्या हक्काच्या जागी काय उभे आहे? नवी पांढरी, उंच, वातानुकूलित मोटार, जी किल्ली न फिरविता बटणावर सुरू होते. जिच्यावर जीव आहे ती उभी आहे बाहेर गल्लीत, जनतेच्या रस्त्यावर, ताडपत्री पांघरून, वहिवाटीचा हक्क सिद्ध झाल्यासारखी. त्याच जागी कोणी गरीब केळीची बंडी लावील, तर दुपारपर्यंत तराजूसकट उचलली जाते. प्रेमाची बंडी मात्र कोणी उचलीत नाही. हे सर्व आम्ही गिळले असते. परंतु तिचा हँडब्रेक लागत नाही, म्हणून मागच्या चाकामागे काही ठेवावे लागते. इतर लोक दगड ठेवतात. एके सकाळी आम्ही वाकून पाहिले, तो चाकामागे ज्ञानकोशाचा प्रस्तावनाखंड होता, ‘विज्ञानेतिहास’. पुठ्ठा फुटलेला, पाने पेट्रोलने पिवळी पडलेली, आणि मध्यावर टायरच्या नक्षीचा स्पष्ट ठसा. रद्दीत तेवढा एकच खंड दिला नाही, असे वाहनाधिपती म्हणाले. जाडी बरोबर होती.

ज्यास या घटनेत विनोद दिसत असेल त्याने खुशाल हसावे. आम्हाला दिसत नाही. ज्यात स्वतःस काही गमवावे लागत नाही, जागा लोकांची, खांदा लोकांचा, धूर लोकांच्या फुप्फुसात, अशा जिव्हाळ्यास आमच्या लहानपणी निराळे नाव होते आणि ते वर्तमानपत्रात छापता येत नाही. वाडा विकला तर पैसे मिळतात, म्हणून वाड्यावर प्रेम परवडत नाही. गाडी विकली तर काहीच मिळत नाही, म्हणून तीवर ते मुक्तहस्ते करता येते. बाजारात ज्या वस्तूची किंमत शून्यावर येऊन ठेपली तीच आपल्याकडे अमूल्य ठरते, या सिद्धांतास अपवाद आम्हाला आढळलेला नाही.

पुढील व्यवस्थाही ठरली आहे. वाहनाधिपतींचे चिरंजीव न्यू जर्सीत असतात. दर रविवारी ते दूरध्वनीच्या पडद्यावर येतात, कॅमेरा गाडीकडे फिरवावयास सांगतात, आणि सद्गदित होऊन म्हणतात, ‘बाबा, काही झालं तरी ही विकायची नाही हं.’ निश्चय तेथे होतो, ढकलणे येथे होते. म्हणून व्हिंटेज नोंदणीच्या अर्जात एका दुरुस्तीची आमची जाहीर मागणी आहे. गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, मालकाचे नाव हे सर्व त्यात असेलच. त्याखाली ‘ढकलणाराचे नाव, वय व सही’ असा एक रकाना वाढवावा, तो भरल्याखेरीज अर्ज दाखल करून घेऊ नये, मालकाच्या नात्यातील मनुष्यासच तेथे सही करता यावी, आणि त्या रकान्यात परदेशातील पत्ता चालणार नाही, हे ठळक अक्षरांत छापावे.