नववे कारण

राज्यघटनेच्या कलम 19(2) मध्ये बोलण्याला लगाम घालायची मोजून आठ कारणे आहेत. ‘थोर पुरुष’ हे त्यांत नाही. तरी औरंगाबाद खंडपीठाकडून दिल्लीला गेलेल्या तुळजापूरकर खटल्यात, 14 मे 2015 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची फूटपट्टी थोरांच्या नावापुढे अधिक कडक धरली. प्रकरण 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या अंकात छापलेल्या वसंत गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे. मग काय, गांधींच्या तोंडी काहीही घालायचे? प्रश्न रास्त आहे. पण त्यातून फार तर कविता वाईट ठरते, गुन्हा नव्हे. खुद्द गांधींनी 1922 मध्ये राजद्रोहाचा आरोप कबूल केला, माफी मात्र मागितली नाही. इथे कविता प्रसिद्ध करणाऱ्या तुळजापूरकरांनी माफी मागितली होती, ते सुटले. कवीला लातूरच्या कोर्टात उभे राहायला सांगण्यात आले.