जलाशयाधिपती

मनुष्य सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याच्या हाताखालची माणसे जातात, पण हुकूम सोडण्याची जिभेची खोड काही पेन्शनीबरोबर सुटत नाही. आणि घरातील कोणीही त्या हुकमांची तामिली करण्यास बांधलेले नसल्यामुळे, ज्यांना उलट उत्तर देता येत नाही असे जीव पाळण्याकडे त्याच्या मनाचा ओढा आपोआपच वळतो. कुत्रा भुंकतो, पोपट बोलतो, आणि मांजर तर बोलण्याचीही तसदी न घेता तुच्छता व्यक्त करते. मासा मात्र निरुत्तर असतो. तेव्हा उभी हयात जमाबंदीच्या कचेरीत घालवलेल्या माझ्यासारख्या गृहस्थाने आपल्या पुण्यातील घराच्या परसात, पेरूचे झाड आणि धुण्याचा दगड यांच्या मधल्या जागेत, मत्स्यतडाग बांधण्याचा संकल्प सोडला यात नवल नाही. नवल एवढेच, की आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल अशा या वास्तूचा उल्लेख मी पहिल्या दिवसापासून 'जलाशय' असा करू लागलो, आणि तिला 'टाकं' म्हणणाऱ्या गवंड्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने पूर्वी तलाठी चळचळा कापत असत. गवंड्याने तंबाखू मळणे थांबवले नाही.

संकल्पाला शास्त्राधार हवा म्हणून मी ग्रंथालयातून 'मानसोल्लास' काढून आणला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या या कोशात राजाच्या इतर अनेक विनोदांबरोबर मत्स्यविनोदाचेही प्रकरण आहे, आणि त्यात कोणत्या माशाला कोणता चारा रुचतो याचे असे साक्षेपी वर्णन आहे की, राजा असावा तर असा, असे मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. पुढची पाने उलटल्यावर उलगडा झाला, की महाराज चारा घालतात तो गळाला लावण्यासाठी. हा भाग मी मनातल्या मनात वाचला.

बांधकाम पुरे झाले त्याच संध्याकाळी मासे आणावे असा माझा बेत होता. पण मासेविक्याने पैसे घेण्यापूर्वी टाक्याचे वय विचारले आणि ते ऐकून पैसे परत केले. नव्या सिमेंटातील चुना पाण्यात उतरतो, पाणी इतके तीव्र क्षारधर्मी होते की माशाचे कल्ले भाजून निघतात, तेव्हा टाके भरावे, त्यात केळीचे खुंट कापून टाकावे, ते कुजू द्यावे, पाणी उपसून पुन्हा भरावे, आणि हा क्रम काही आठवडे चालू ठेवावा, असा त्याचा सल्ला होता. कुजत्या केळीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. याच अवधीत मी जलाशय दाखवण्यासाठी मंडळींना चहाला बोलावीत असे. मंडळी येत, परंतु चहा पुढच्या अंगणातच घेत.

आता शिलालेखाविषयी. पाण्याची वास्तू आहे आणि तिच्यावर कर्त्याचे नाव नाही ही कल्पनाच मला असह्य झाली, आणि याला केवळ माझा स्वभाव कारण नसून पुण्याची हवाही कारण आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधला आणि माणूस आत उतरून चालू शकेल अशा उंचीच्या बांधीव नळातून ते पाणी, पंप नाही की यंत्र नाही, केवळ उताराच्या भरवशावर शनिवारवाड्यापर्यंत आणले. वाटेत जागोजाग उच्छ्वास ठेवले आणि पेठापेठांतून हौद बांधून रयतेच्या घागरींची तजवीज केली. या हौदांवर मी बोलू लागलो म्हणजे आमच्या घरातील माणसे एकेक करून काही ना काही कामाला उठतात. वाचकांनाही तशी मुभा आहे. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद, साततोटीचा हौद! पुष्कळ ठिकाणचे पाणी गेले, काही ठिकाणचा हौदही गेला, त्या जागी दुचाक्या लागल्या, तरी पत्ता सांगणारा पुणेकर हौदाचे नाव घेतल्यावाचून पुढे सरकत नाही. आणि यातली खरी गंमत अशी, की बांधणाऱ्याच्या मनात काय नाव होते याची लोकांनी कधी चौकशीच केलेली दिसत नाही. तोट्या किती, शेजारी कोण राहतो एवढे पाहायचे आणि बारसे उरकून टाकायचे, हा त्यांचा खाक्या. डॉक्टर विश्राम रामजी घोल्यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या, काशीच्या, स्मरणार्थ हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणतात. त्याच्याही आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी उघडा केला होता. ज्यांची सावलीदेखील या शहराला सोसत नव्हती त्यांना एका गृहस्थाने स्वतःच्या घरी बोलावून पाणी भरू दिले, आणि त्याबद्दल आप्तेष्टांचा व शेजाऱ्यांचा रोष डोक्यावर घेतला. त्याच शहरात त्या दिवसांत मी आठ फुटी टाक्यासाठी शिलालेखाचा मसुदा करीत बसलो होतो, आणि स्वतःस 'निर्माता' म्हणवून घ्यावे की 'जलाशयाधिपती', याचा खल दोन्ही अंगांनी चालू होता.

या खलाचा निकाल पाथरवटाने लावला. त्याने अक्षराला दर सांगितला आणि जोडाक्षराला दुप्पट. संस्कृतप्रचुर शैली इतकी खर्चिक असते हे मला साहित्याच्या कोणत्याही टीकाकाराने पटवून दिले नव्हते. 'मत्स्यतडागप्रतिष्ठापना' प्रथम गेली, मागोमाग माझी पदवी गेली, हुद्दा गेला, शके व संवत्सर गेले, आणि अखेर एकही जोडाक्षर नसलेले 'मीनविहार' एवढेच नाव काळ्या दगडावर शिल्लक उरले. तो दगड काठावर उभा केला आणि सोनेरी मासे सोडले.

चिनी लोकांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी साध्या, मळकट रंगाच्या माशांतून लालपिवळे मासे निवडून निवडून ही जात तयार केली, असे म्हणतात. निवडणाऱ्याला रंग दिसावा एवढाच त्यात हेतू होता. आकाशातून पाहणाऱ्यालाही तो दिसेल याचा विचार त्या सौंदर्योपासकांनी केला नसावा. आमच्या पेरूवर एक खंड्या येऊ लागला. निळी पाठ, पांढरी छाती, तांबडी चोच: इतका देखणा दरोडेखोर मी सरकारी नोकरीतही पाहिला नव्हता. शिकारीसाठी त्याने नेमका माझा शिलालेख पसंत केला. तेथून तो सरळ पाण्यात झेपावे, मासा चोचीत आडवा धरून परत येई, आणि गिळण्यापूर्वी त्याला 'मी'च्या वेलांटीवर डावीकडून एक, उजवीकडून एक असा शांतपणे आपटून घेई. दगडावर चारदोन सोनेरी खवले चिकटून राहत. कुंपणापलीकडचे मालवणचे शेजारी हा सोहळा रोज पाहत, आणि अखेर त्यांनी मला धीर दिला, "जावंदे हो, ह्येंचा तिखला पण होवचा नाय."

वैशाखात दिवसाकाठी दोन-तीन बादल्या पाणी उन्हाने उडून जाई, ते मी रोज सकाळी स्वहस्ते भरीत असे. आणि भरण्यापूर्वी क्लोरीन उडून जावे म्हणून रात्रभर बादल्या उघड्यावर मांडून ठेवीत असे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई एके दिवशी त्या बादल्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्या वस्तीत पाणी एका दिवसाआड, तेही पहाटे तीनला येते, आणि त्यासाठी त्या दोनला उठतात. त्यांनी मला विचारले, "काका, ह्यांच्या नळाला रोज येतं व्हय?" आवाजात टोमणा नव्हता, खरोखरीचे कुतूहल होते. उभ्या आयुष्यात विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची उत्तरे मी सफाईने तयार करून दिली आहेत. या प्रश्नाला माझ्या दप्तरात उत्तर नव्हते, आणि त्या सकाळी चहा गोड लागला नाही. त्यानंतर त्यांच्या दोन कळशा आमच्याकडून भरून जाऊ लागल्या, असे लिहून थोडे पुण्य पदरात पाडून घेण्याचा मोह मला होत आहे. परंतु हा मजकूर सौभाग्यवती वाचणार आहेत, आणि ती व्यवस्था त्यांनी मला न विचारता पूर्वीच करून ठेवली होती.

मृगापूर्वी खंड्याने शेवटची वसुली केली आणि जलाशय निर्मनुष्य, म्हणजे निर्मत्स्य, झाला. पावसाने तो काठोकाठ भरला, आणि पाठोपाठ आरोग्य खात्याचे निरीक्षक आले. मी त्यांना कात्रजच्या नळापासून सांगायला घेतले. त्यांनी मान डोलावत एक पळी पाण्यात बुडवून माझ्यापुढे धरली. तीत डोकी खाली व शेपट्या वर करून असंख्य अळ्या वळवळत होत्या. आठवड्याभरात यांचे डास होतील, ते म्हणाले, आणि नोटिशीचे बुक काढले. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, ही माहिती मी त्यांना पुरवली. त्यांनी माझे नाव कसे लिहायचे ते विचारले. मग पिशवीतून पाण्याने भरलेली प्लास्टिकची थैली काढून टाक्यात उपडी केली.

गप्पी! नखाएवढे, राखी रंगाचे, रॉकेलच्या डब्यातही जगतील अशा चेहऱ्याचे मासे. डासांच्या अळ्या खाण्याच्या कामावर ते १९०८ पासून या देशात रुजू आहेत, आणि त्यांचे नाव त्रिनिदादच्या एका गप्पी नामक साहेबावरून पडले आहे. म्हणजे त्या गृहस्थाला पाथरवटाचा खर्चसुद्धा पडला नाही. आठ दिवसांत पाण्यात अळी औषधाला उरली नाही. खंड्या आला, दगडावर बसला, खाली पाहिले. गढूळ पाण्यात राखी पाठी त्याला दिसेनात. तो जो गेला तो पुन्हा मुक्कामाला आला नाही. गप्पीची मादी अंडी घालत नाही, महिन्या-महिन्याने थेट पिलेच सोडते आणि सवडीने त्यातली काही खाते, तरीही दिवाळीपर्यंत पाण्यापेक्षा मासे अधिक झाले.

त्यातले मूठभर बाईंनी डब्यातून नेले. वस्तीत पाणी साठवायची पिंपे, आणि पिंपात डास. तिथून पुढे माझ्या परसाला वर्दळ सुरू झाली. निरीक्षकसाहेबदेखील एकदा थैली घेऊन आले व पोच न देता मासे घेऊन गेले. परवा आठदहा वर्षांचा एक मुलगा श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन फाटकाशी उभा राहिला. मी त्याला मागे नेऊन काळ्या दगडासमोर उभा केला. त्याने एकेक अक्षर लावून 'मीनविहार' वाचले आणि नाराजीने माझ्याकडे पाहिले.

"हे नको. आईनं गप्पीच्या हौदावर जायला सांगितलंय."

हाच तो हौद, असे मी माझ्याच तोंडाने त्याला सांगितले आणि जाळी बुडवली. त्याने डब्यातले मासे बोट लावून मोजले, झाकण लावता लावता थांबला, आणि म्हणाला, "अजून दोन टाका काका, वाटेत मरतात."