स्पीकर डोळ्यांनीच ऐकावा

घरासाठी उत्तम स्पीकर कोणता, हे कानाला विचारू नये. कान भोळा, त्याला किमतीची चिठ्ठी वाचता येत नाही. स्पीकर आधी उचलून पाहावा. दोघांनी धरूनही कंबरेत उसण भरली, तर माल अस्सल. मग जाळी काढून आतला कोन पाहावा. तो सोनेरी असला की आवाज 'उबदार' येतोच.

या आनंदात काही संशोधकांनी उगाच विरजण घातलं. फ्लॉइड टूल हे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवत आणि गुण द्यायला लावत. पुढे स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये एक प्रयोग मांडला. कंपनीतल्याच 40 जणांनी चार स्पीकरांना एकदा पाहून आणि एकदा न पाहता गुण दिले. दिसत होते तोवर मोठे, महागडे खोके भाव खाऊन गेले. पडदा पडताच त्यांचा रुबाब उतरला आणि एका लहानशा स्वस्त संचाचे गुण वधारले. त्याहून मौज पुढे आहे. स्पीकरची जागा हलवली की आवाज बदलतो, हे न पाहणाऱ्यांना चांगलं कळत होतं. पाहणाऱ्यांना ते फारसं जाणवेना. म्हणजे डोळे उघडे ठेवले की खोलीचे दोषसुद्धा झाकले जातात. इतका स्वस्त उपाय हाती असताना पडदा लावायचा कशाला?

टूल यांचा निष्कर्ष तर अगदीच नीरस. समोर सगळे स्वर सारख्या जोराने यावेत, बाजूंनाही आवाजाचा पोत बिघडू नये, असा स्पीकर बहुतेकांना आवडतो म्हणे. आलेखावर ती जवळपास सरळ रेघ दिसते. सरळ रेघ दाखवून शेजाऱ्याच्या पोटात कधी दुखलंय?

वॉटचा आकडा मात्र दाखवण्याजोगा असतो. खोक्यावर '2000 वॉट पीएमपीओ' ठळक, आणि मागे बारीक अक्षरांत 'वीजवापर 35 वॉट'. दोन्ही खरं मानावं. असे खोके महावितरणने रांगेने मांडले, तर कोयनेला कायमची सुट्टी देता येईल.

राहिली खोली. साधारण 200-300 हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचंच जास्त चालतं, म्हणून स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, आणि वरच्या स्वरांचे पडसाद दबावेत म्हणून खाली जाड गालिचा घाला, असं जाणकार सांगतात. पण मग हॉलमधून चालायचं कुठून? त्यापेक्षा एक स्पीकर शोकेसमध्ये, ट्रॉफी आणि काचेच्या हत्तीच्या मधोमध ठेवावा, दुसरा फ्रिजवर. गालिच्याचे वाचलेले पैसे मनगटाएवढ्या जाड केबलवर घालावेत. कोपऱ्यावरच्या दुकानातली अडीच एमएमची तांब्याची वायर दोन-चार मीटरला पुरते खरी, पण ती मखमली पेटीत मिळत नाही.

एवढं करूनही आवाज घोगरा आलाच, तर दुकानदार मोठ्या मायेने समजावतो, "साहेब, दोनशे तास वाजू द्या, मग मोकळा होईल." माल परत घ्यायची मुदत दहा दिवसांची. साहेब नोकरदार, रात्री जेवणानंतर तासभर ऐकतात.