गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा करारनामा कसा करावा

प्रस्तुत मार्गदर्शिका गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातील गच्चीधारक गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. पागडीच्या इमारतीत राहणाऱ्यांनी ती वाचून उगाच आशा धरू नये. तिथे भाडं १९४० सालावर अडलं, भाड्यावाचून मालकाची दुरुस्ती अडली, १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. आणि छताखालची बादली मात्र भाडेकरूचीच राहिली.

कलम पहिले, पक्षकार. कागदावर करार संस्था आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्यात होतो. प्रत्यक्षात पक्षकार वेगळे असतात : ज्यांच्याकडे गळतं ते, आणि ज्यांच्याकडे गळत नाही ते. दुसऱ्या पक्षाचे मुखत्यार म्हणजे तळमजल्यावरचे काका. विशेष सभेत सेक्रेटरी खर्चाचा आकडा वाचतात, काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "पण आमच्याकडे कुठे गळतं?" अशा वेळी आवाज चढवू नये. आदर्श उपविधी पुढे करावेत. पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने संस्थेच्या खर्चाने काढायची, असं त्यात स्वच्छ आहे. काका ते वाचतात, खाली आणखी वाचतात, आणि वरच्याच्या संडास-मोरीची गळती ज्याची त्याने काढायची या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून पुस्तक परत देतात. पुढचा अर्धा तास पाणी ढगातून आलं की मोरीतून यावर जातो.

याला उत्तर सोपं आहे, पण सभेत कोणी ते ऐकून घेत नाही. छत मार्चमध्येही ओलं असेल तर नळ, मोरी किंवा टाकी बघा. जूनमध्ये ओल येऊन दिवाळीपर्यंत सुकत असेल तर गच्ची.

पैशाबद्दल. दुरुस्ती निधी इमारतीच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, असा हिशेब आहे. बांधकाम खर्च म्हणजे तेव्हाचा. साठच्या दशकात चार लाखांत उभी राहिलेली इमारत असेल तर या दराने सगळ्यांचे मिळून वर्षाचे तीन हजार जमतात. हा दर वाढवून घ्यावा असं खजिनदार दरवर्षी सुचवतात आणि काका दरवर्षी वेळ संपल्याचं लक्षात आणून देतात.

कलम दुसरे, मुहूर्त. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. ठराव तिथेच करावा, भिंतीचे पोपडे अजून ताजे असताना. मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टर शोधणाऱ्या संस्थेला कॉन्ट्रॅक्टर मिळत नाही, निळी ताडपत्री मिळते.

कलम तिसरे, कोटेशनं. तीन मागवावीत. तीन वेगवेगळ्या लेटरहेडांवर 'वॉटरप्रूपिंग' ही एकच चूक आढळल्यास घाबरू नये. तिन्ही एकाच माणसाने आणून दिलेली असतात आणि मधलं त्याचं स्वतःचं असतं. सर्वांत स्वस्त कोटेशन बारकाईने वाचावं. त्यात जुना कोबा तोडणं बहुधा धरलेलं नसतं. जुन्यावर नवा थर चढवला की पाणी दोन पावसाळे दबतं आणि स्लॅबवरचं ओझं कायमचं वाढतं. तोडलेलं रॅबिट खाली उतरवून गाडीने नेणं कोणाकडे, हेही लिहून घ्यावं. नाही लिहिलं तर ते जिन्याखाली गणपतीपर्यंत राहतं, आणि मग मंडळाची मुलं रागारागाने उचलतात.

कलम चौथे, गॅरंटी. दहा वर्षांची गॅरंटी मागायला काहीच लागत नाही आणि द्यायलाही काहीच लागत नाही. "साब, दस साल ऊपर देखना नहीं पडेगा," असं कॉन्ट्रॅक्टर छातीवर हात ठेवून सांगतो. ती कागदावर येते तेव्हा पाचशेच्या मुद्रांकावर येते (२०२४ पर्यंत शंभराच्या यायची, तेव्हाही तेवढीच गळायची) आणि खाली अपवाद असतात : भूकंप, इमारतीची हालचाल, अतिवृष्टी. या शेवटच्या शब्दावर बोट ठेवावं. शेतीच्या नुकसानभरपाईसाठी सरकार चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी मानतं. कुलाब्याला एकट्या जुलैत सरासरी ७०० मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणजे ही गॅरंटी ऑक्टोबर ते मे अगदी चोख चालते. हरकत घेतली तर कॉन्ट्रॅक्टर हमखास २६ जुलै २००५ काढतो. त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला तो सांताक्रूझला. कुलाब्याची नोंद सुमारे ७३ ची आहे. गिरगावातल्या गच्चीने सांताक्रूझच्या पावसाचा आधार घेऊ नये, असं करारात घालता आलं तर घालावं.

कलम पाचवे, काम. गॅरंटीपेक्षा काम कसं करणार हे लिहून घेणं शहाणपणाचं. खालची स्लॅब पोखरलेली असेल तर आधी तिची दुरुस्ती. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि त्याला जाळीकडे उतार, शंभर फुटांना निदान एक फूट. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवायचा नाही, गोलसर वाटा काढायचा, कारण पाणी आधी कोपरा धरतं. काम झाल्यावर जाळ्या बंद करून बोटभर पाणी दोन-तीन दिवस साठवून ठेवायचं आणि शेवटच्या मजल्यावर खुर्ची टाकून वर बघत बसायचं. हे सगळं मी ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून शिकलो तो उतार नुसत्या तळपायाने सांगायचा. लेव्हल-पाइप त्याच्याकडे होता, साहेब लोकांना दाखवायला. असा माणूस कामावर असेल तर करार एका पानाचा पुरतो. पण कोटेशन द्यायला तो कधीच येत नाही, त्याचा शेठ येतो.

वर पांढऱ्या फुटक्या लाद्यांचा चायना मोझॅक करून घ्यावा का? घ्यावा. विटांचा थर ऊन अडवतो, पांढरा रंग ते परतवतो, आणि मे महिन्यात शेवटच्या मजल्यावर पंख्याखाली बसवतं. मात्र या बाबीवर काकांची लेखी हरकत येते : उपविधीत पावसाचा उल्लेख आहे, उन्हाचा नाही; सबब मोझॅकचा खर्च शेवटच्या मजल्याने सोसावा. मुद्दा कायदेशीरदृष्ट्या इतका सुरेख आहे की मला त्यांचं कौतुक वाटतं.

कलम सहावे. नव्या कोब्यात डिशवाल्याला ड्रिल मारू देऊ नये.

कलम सातवे, पैसे. आगाऊ कमीत कमी, बाकीचे मोजमाप घेऊन, टीडीएस कापून. पाच टक्के अनामत मात्र एक आख्खा पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवावी. "काम संपल्यावर तीन महिन्यांनी" असं कधीही लिहू नये. काम फेब्रुवारीत संपतं, तीन महिने मेमध्ये भरतात. 'कोजागरीनंतर' असं लिहावं. न्यायालयात हा शब्द टिकेल की नाही कोण जाणे, इमारतीत टिकतो. कारण त्या रात्री सगळे गच्चीवरच असतात, मसाला दूध असतं, आणि कॉन्ट्रॅक्टरही न बोलावता येतो. तो दोन पेले दूध घेतो, काकांच्या तब्येतीची चौकशी करतो, चेक खिशात घालतो आणि लिफ्टच्या खोलीच्या भिंतीवर टिचकी मारून म्हणतो, "साब, ये भी करना पडेगा." खजिनदार नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतील असं सांगतात. तो म्हणतो, "टेन्शन नको, तिन्ही मीच आणतो."