जलद चार्जिंगचे अव्वल कारकून

नांदेडहून लोहा मागे टाकून अहमदपूरमार्गे लातुरास जाणाऱ्या प्रवाशास, एखाद्या ढाब्याच्या आवारात, विजेच्या मोटारीशेजारी हात पाठीमागे बांधून चार्जिंगच्या यंत्रावर करडी नजर रोखलेले, पांढऱ्या सफारीतील सद्गृहस्थ दिसले, तर ते महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेले अव्वल कारकून आहेत असे खुशाल समजावे. तीर्थरूप निजामी अमलात गिरदावर. स्वतः यांची उभी हयात आणेवारीचे तक्ते आणि फेरफाराच्या नोंदी तपासण्यात गेली. आणि निवृत्तीसमयी हाती आलेल्या रकमेतून, पेट्रोलच्या भावाची कटकट कायमची मिटविण्याच्या ईर्ष्येने, त्यांनी ही मोटार घेतली. नातू लातुरास वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीला असल्यामुळे त्याला घरचा डबा पोचवून त्याच दिवशी परतावयाचे, म्हणजे जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटरांची मजल पडते; आणि कागदोपत्री तीनशेच्या वर धावणारी ही मोटार, पारा चाळीस अंशांपलीकडे गेला असता व आतला एसी अखंड चालू असता, परतीच्या वाटेवरच हात टेकते.

यंत्रावर 60 किलोवॅट असे ठळक लिहिलेले असते. मोटारीची बॅटरी 30 युनिटांची. तेव्हा अर्ध्या तासात काम फत्ते, असे त्रैराशिक मांडून हे घरी फोन करतात आणि जेवणाची वेळ कळवितात. प्रत्यक्षात पडद्यावर आकडा उमटतो बाविसाचा. यंत्राने कितीही देऊ केले तरी मोटार आपल्या ऐपतीपुरतेच घेते, आणि उन्हातून धावून तापलेली बॅटरी तर तेवढेही घेण्यास कुरकुरते, ही गोष्ट यांना कोणी समजावीत नाही असे नाही. पण ती लेखी कोठे आहे, असा त्यांचा सवाल असतो. मग ते डिकीतून लाल कापडी बांधणीची वही काढतात, वेळ, टक्के आणि किलोवॅट यांचा रोजनामा लिहितात, बाविसाखाली पट्टी धरून तांबड्या शाईची रेघ ओढतात आणि शेवटी लघुस्वाक्षरी करतात.

इतक्यात दुसरी गाडी येऊन त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीला लागते, साठाची तीस-तीस अशी तकसीम होते, आणि अव्वल कारकुनांचा संयम सुटतो. वास्तविक यांची गाडी तिसाच्या वर घेतच नाही, त्यामुळे या वाटणीत त्यांचे काडीचेही नुकसान नसते. परंतु नोटिशीवाचून पोटहिस्सा पडल्याचे शल्य त्यांना गप्प बसू देत नाही, आणि नवागताने किती घेतले याचाही एक रकाना वहीत उघडला जातो.

खरी पेशी ऐंशी टक्क्यांवर निघते. ‘काका, ऐंशी झालं, काढा आता. पुढं ते हळूहळूच भरतंय,’ असे ढाब्यावरचा पोरगा आर्जवाने सांगतो. ‘कोणत्या परिपत्रकान्वये?’ हे विचारतात. बॅटरी भरत आली म्हणजे तिचा दाब मर्यादेला टेकतो, आणि तिला इजा होऊ नये म्हणून प्रवाह उत्तरोत्तर कमी करावा लागतो, गर्दीच्या एस.टी.त पहिले उतारू भराभर चढावेत आणि शेवटच्या चौघांना पाय ठेवण्यासाठी कंडक्टरने दहादा ‘आत सरका’ म्हणावे, तसा हा प्रकार. पण ‘अपुरे दप्तर टाकून मी कधी उठलो नाही,’ असे बजावून ते खुर्ची मागवितात, आणि मागे दोन गाड्या ताटकळत असताना उरलेल्या वीस टक्क्यांसाठी आधीच्या ऐंशीइतकाच वेळ ठाण मांडतात. तेथून नांदेड निम्म्या बॅटरीत येते, हे त्यांच्याच वहीत मागल्या पानावर नमूद आहे.

या रस्त्याने विजेची गाडी नेणाऱ्यांनी शक्यतो यांच्या आधी नंबर लावावा. ते न साधल्यास गाडी सावलीत उभी करून चहा सांगावा; मात्र ‘किती टक्के झालं?’ असे चुकूनही विचारू नये, कारण त्याचे उत्तर ते 1972 च्या दुष्काळातील आणेवारीपासून सुरू करतात.